मखमल, इस्त्री आणि वरच्या मजल्यावरचा प्लेअर

नात्याने थोरले, वयाने धाकटे आणि सध्या अबोला धरून बसलेले साडूभाऊ यांना खालच्या मजल्यावरून नमस्कार.

तुमची प्रकृती ठीक असावी. (विचारायची गरज नाही म्हणा. सकाळी तुम्ही गुळण्या करता, त्यांचा आवाज पाइपातून थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो आणि त्यावरून घसा ठणठणीत दिसतो.) ताईंचा गुडघा काय म्हणतो? तिकडची हवा कशी आहे? इकडे तुमच्या मोरीखालची भिंत पुन्हा ओली झाली आहे, पण पत्र त्यासाठी नाही. तुम्ही महिनाअखेरीला बिऱ्हाड हलवून कायमचे मुलीकडे राहायला जाणार, हे मला हिच्याकडून कळले आणि हिला ताईंकडून. तुम्ही मला सांगितले नाही. बरोबरच आहे, आपले बोलणे बंद आहे. पण जाण्यापूर्वी वाटणीचा मुद्दा एकदा निकालात काढावा, एवढ्यासाठी लिहितो आहे. बाकी मला काही म्हणायचे नाही.

मुद्दा असा. सासरेबुवांनी जाण्याआधी प्लेअर थोरल्या लेकीला दिला आणि रेकॉर्डी धाकटीला. म्हाताऱ्याचे डोके फिरले, असे तेव्हा आपण दोघांनीही ठरवले होते. (आपले एकमत झाल्याचा तेवढाच प्रसंग मला आठवतो.) पुढे एकाच इमारतीत घरे मिळाली आणि दर रविवारी मी रेकॉर्डींची पेटी काखोटीला मारून एक जिना चढू लागलो. एक बाजू तुमच्या गायकाची, एक बाजू माझ्या गायकाची, आणि मग जेवण गार होईपर्यंत भांडण. मत द्यायला दोघेच असल्यामुळे निकाल कधी लागला नाही, आणि बायकांनी मत द्यायला साफ नकार दिला.

तुमचे म्हणणे, गाणाऱ्याचा स्वभाव गळ्यात उतरतो. माझे म्हणणे, गळा गळ्याच्या जागी आणि स्वभाव त्याच्या घरी. तुम्ही कारखान्याच्या फाटकावर लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपण्यात उभा जन्म घालवलात, त्यामुळे तुम्हाला इस्त्री आवडणे स्वाभाविक आहे. (त्याला हे नाव मीच ठेवले. माझी लाँड्री असल्यामुळे मला दुसरी नावे सुचत नाहीत. त्याच्या सुरावर एक सुरकुती सापडायची नाही, आणि आत कुणी माणूस आहे की नाही तेही कळायचे नाही.) एकच बायको, एकच घर, रेकॉर्डिंगला वादकांच्या आधी हजर, आणि वादकांना उशीर झाला तर त्यांच्या वतीने हाच माफी मागणार. हे सांगताना तुमची छाती अशी फुगते, जणू त्याला रोज सकाळी तुम्हीच उठवत होता. उलट माझा मखमल. तीन लग्ने केली, त्यांतली दोन मोडली, तिसऱ्याचे नक्की कुणालाच माहीत नाही. रेकॉर्डिंगला आलाच तर दुपार टळल्यावर यायचा. पण माइकसमोर उभा राहिला, की व्हायोलिनवालेसुद्धा त्याच्याकडे बघत बसायचे. त्याने एकदा थंडीत थिएटरच्या दरवानाला अंगातला कोट काढून दिला, हे मी सांगितले, तर तुम्ही लगेच म्हणालात, तो कोट भाड्याचा होता. असेल. पण थंडी तर भाड्याची नव्हती ना?

मग अबोला सुरू झाला त्या रविवारची परीक्षा. ती बायकांनी घेतली ती आवडीने नव्हे, कंटाळून. हिने गरम पाण्यातून पिळून काढलेले दोन टॉवेल आणले, डोळ्यांनाही बरे म्हणून आपल्या डोळ्यांवर करकचून बांधले, आणि ताईंनी एक रेकॉर्ड लावली. ओळखा म्हणाल्या. गाणे जुने होते, आपण कधी न ऐकलेले. पहिल्या ओळीतच मी ओळखले. जो माणूस आतून मोडला आहे त्यालाच असे गाता येते, म्हणून हा मखमल. तुम्ही म्हणालात, एवढा लांब श्वास शिस्तीशिवाय येत नाही, म्हणून हा इस्त्री. दोघेही अडून बसलो, आणि मधल्या कडव्याला दोघेही भांडायचे विसरलो. टॉवेल सोडले, रेकॉर्ड हातात घेतली, बघतो तर साबण! तोच तो तिसरा गायक, ज्याला आपण दोघांनी आजवर दारात उभे केले नाही, ज्याचे नुसते नाव काढले तरी आपण कानाला हात लावायचो, कारण नुसता फेस, आत काही नाही. तर ती रेकॉर्ड सासरेबुवांची लाडकी निघाली. पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळलेली होती, आणि मी दुकानात व तुम्ही कारखान्यात असताना या दोघी बहिणी ती दुपारी ऐकत आल्या होत्या. (तुम्ही निवृत्त झाल्यापासून, तुम्ही झोपल्यावर.) त्यावर ताई शांतपणे म्हणाल्या, “तुमचं दोघांचं भांडून झालं असेल तर दुसरी बाजू लावते.”

दोघांचेही डोळे ओले होते. मी म्हणालो, वाफ. तुम्हीही म्हणालात, वाफ. तिथे थांबलो असतो तर आज हा कागद वाया गेला नसता. पण तुम्ही म्हणालात, दोन संसार मोडणाऱ्यावर जो भाळला त्याला खरे-खोटे काय कळणार. आणि तेही हिच्यासमोर म्हणालात. मी म्हणालो, तुम्हाला इस्त्री आवडतो कारण तुम्हाला रडताच येत नाही. (त्या वेळी तुम्ही टॉवेलाने गाल पुसत होता, हे मी पाहिले होते.) मी पेटी उचलली आणि खाली आलो. तेव्हापासून तुमच्याकडे प्लेअर आहे आणि माझ्याकडे रेकॉर्डी.

मी काही हातावर हात ठेवून बसलो नाही. लाँड्रीशेजारच्या न्हाव्याकडे एक जुने मशीन आहे, तिथे मखमलची रेकॉर्ड घेऊन गेलो. ते मशीन पळते. मखमल शाळेतल्या पोरीसारखा चिवचिवायला लागला, आणि अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाने, या बाई कोण, असे विचारले. मी रेकॉर्डवर बोट टेकवून वेग कमी केला, तर तो कण्हू लागला. न्हावी म्हणाला, “माझ्या वस्तऱ्याखाली माणसं याहून सुरात ओरडतात.” मी रेकॉर्ड उचलली आणि दाढी न करताच परत आलो.

आता शेवटचे. गेल्या आठवड्यात वरून खोकी ओढल्याचे आवाज येत होते, आणि मधेच तुम्ही गुणगुणत होता. मी स्टुलावर चढून छताला कान लावला. (ही म्हणाली, हे काय? मी म्हणालो, ओल बघतोय.) गाणे मखमलचे होते. दुसऱ्या कडव्यात शब्दाआधी तो जरासा थांबतो ना, ती जागासुद्धा तुम्ही घेतलीत. वाईट घेतलीत, पण घेतलीत. मी बराच वेळ स्टुलावर उभा होतो.

तर वाटणी अशी. प्लेअर ताईंचा, तो तुम्ही न्यावा. रेकॉर्डी हिच्या, त्या इथे राहतील. माझी काही तक्रार नाही. ताईंना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

आपला,
खालचा साडू

ता. क. मखमल मनात आला की कपड्यावर फिरणारा माझा हात थांबतो. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर तो तपकिरी त्रिकोण उमटला, तो त्याच्याच पायी. त्यामुळे दुकानात मी इतकी वर्षे तुमच्या इस्त्रीचीच गाणी म्हणत आलो आहे. त्याचे गाणे संपते तेव्हा शर्टही बरोबर संपतो. हे हिला ठाऊक नाही, ताईंना सांगू नका.

ता. क. २. वाटणीचे वर लिहिले ते खोडले असे समजा. म्हाताऱ्याचे डोके अजिबात फिरले नव्हते. एकीला प्लेअर आणि दुसरीला रेकॉर्डी दिल्या, की या दोघी लांब जायच्या नाहीत, एवढा साधा हिशेब आपल्याला कळला नाही. तुम्ही जाऊ नका. मुलीकडे चार दिवस राहा, नातवंडांना भेटा, आणि परत या. इतक्या तयारीने इतके चुकीचे बोलणारा दुसरा माणूस मला या वयात मिळणार नाही. भिंत ओली राहिली तरी चालेल.

ता. क. ३. हे पत्र दाराखालून सरकवायला वर आलो, तर आत साबण चालू आहे. म्हणजे रेकॉर्ड माझ्या घरातून गेली आणि मला पत्ता नाही. दोघी बहिणी गात आहेत, आणि तिसरा आवाज तुमचा आहे. एवढे जिन्यात पायरीवर बसून लिहिले. आता दार वाजवतो आणि पत्र हातातच देतो. माझे डोळे लाल दिसले तर वाफ समजा. आज रविवार, लाँड्री बंद आहे, तरी वाफच समजा.