चाकांवरची आमची खोली

रविवार, ४ जानेवारी
साइटवरून घरी पोचले तर ओवीने ट्रेमधून पाणी आणून दिलं. पाहुण्यांचा काचेचा ग्लास. सहा वर्षांची पोरगी, ट्रे दोन्ही हातांनी धरलेला, जीभ बाहेर. आणि पाणी पिऊन व्हायच्या आत, "आई, तुझी बस किती वाजता आहे?"

नितीन हसला. (नवरा. पुढे नुसतं नि. लिहीन, दिवसभर लॅबमध्ये लिहून हात दुखतो.) सासूबाई म्हणाल्या, शहाणी झाली पोर. मला काही हसू आलं नाही. कबीर अडीच वर्षांचा, तो माझ्याकडे यायलाच अर्धा दिवस लावतो. यायला लागतो तोवर मी चपला घालत असते.

जोगेश्वरीतल्या ह्या खोलीत मी पाहुणी आहे. आजच कळलं.

बुधवार, ७ जानेवारी. साइट, मनोरच्या पुढे
बाहेरच्या एजन्सीची फिरती लॅब आली. ट्रेलर. पिकअपला मागे जोडून आणला, टेकू लावले, वीज जोडली, काम सुरू. आत ओटा, सिंक, खिडकीला पंखा. ते लोक माती चाळत होते आणि मी दारात उभी राहून मनातल्या मनात आमची अंथरुणं घालत होते. चौघांची बसली.

हायवेची कामं अशीच. दोन वर्षं इथे, मग सामान उचला, तिसरीकडे. नाशिककडच्या साइटला होते तेव्हा ओवी रांगायला लागली, मी व्हिडिओवर बघितलं. नोकरी सोड असं मला तोंडावर कोणी म्हणत नाही. सगळे नुसते विचारतात, "अजून किती दिवस गं?" मी काँक्रीटचे ठोकळे फोडून पूल पास-नापास करते. मला आवडतं ते. सोडणार नाही. पोरंही सोडणार नाही. मग घरालाच हलायला लागेल.

साइटच्या साहेबांना विचारलं, कॅम्पात ट्रेलर लावून घरच्यांना आणू का. "मॅडम, कॅम्पात बॅचलर अकोमोडेशन आहे." म्हटलं सर, लेबर कॅम्पात बायकापोरं राहतात ना पत्र्याच्या खोल्यांत, ती कोणाला दिसत नाहीत का. म्हणाले, "लॅबच्या मागे जागा आहे तशी. बघू."

बघू म्हणजे हो. मी हो धरलंय.

रविवार, ११ जाने.
घरी सांगितलं. नि. मशीनवर होता, ब्लाउजची बाही लावत. पाय थांबला.
"ट्रेलर म्हणजे? ट्रकमागे असतो तो?"
सासूबाई तांदूळ निवडता निवडता, "घराक चाकां लावतत काय गो कोणी?" मग थोड्या वेळाने, "आणि पाणी खंयसून भरतलंस?"
त्या येणार नाहीत म्हणाल्या. धाकटे दीर खालच्याच गल्लीत आहेत, त्यांच्याकडे जेवतील. हे इतक्या पटकन ठरवलं त्यांनी की मला जरा राग आला.

नि. बाही पूर्ण करून म्हणाला, "बघायला काय जातंय." माझ्यासाठी पुष्कळ झालं.

रविवार, १८ जाने.
घाटकोपरला एक ट्रेलर बघितला. बाहेरच्या देशातून आणलेला, पांढरा शुभ्र, आत आरशांची कपाटं. नि. खूश. बोटांनी कपाटाचे दरवाजे उघडमीट, उघडमीट. मी खाली उतरून उभी राहिले आणि डोकं फिरलं. दार उजव्या बाजूला. म्हणजे रस्त्याच्या कडेला गाडी लावली की दार सरळ ट्रॅफिकमध्ये. त्यांच्याकडे गाड्या उलट्या बाजूने चालतात, त्यांना ठीक आहे. माझा अडीच वर्षांचा माणूस दार उघडलं की धावतो.

विकणारा म्हणाला, "मॅडम, लोक इंटिरियर बघतात." म्हटलं बघू देत.

नि. ट्रेनमध्ये चढेपर्यंत आरशांबद्दल बोलत होता.

मंगळवार, २० जाने. साइट
मुलुंडच्या ताईचा फोन. माझी सख्खी बहीण, टू बीएचके. बातमी पोचली तर. "पोरांना डब्यात ठेवणार? लोक काय म्हणतील? शाळेचं काय?"
शाळेचं: जूनमध्ये ओवी पहिलीत जाईल, कॅम्पाजवळ जिल्हा परिषदेची शाळा आहे, मी जाऊन बाईंना भेटून आले. पटांगण आमच्या गल्लीएवढं नाही, आमच्या अख्ख्या वस्तीएवढं.
डब्याचं: आत्ता आम्ही पाचजण एका खोलीत राहतो, त्यात नि.चं मशीन आणि गिऱ्हाइकांची गाठोडी. तेव्हा कोणाला डबा दिसला नाही.
लोकांचं: लोकांना मी आठवड्याला एकदा आई झालेली चालते. मग त्यांनी मला शिकवू नये.
हे सगळं ताईला बोलले. शेवटचं जरा जोरात. लॅबमधली पोरं बघायला लागली.

रविवार, २५ जाने.
मरोळला लोबोअंकलचं यार्ड. शूटिंगवाल्यांना मेकअपच्या गाड्या बांधून देतात. म्हातारे, पांढरी बनियन, कानात बोळा. दोन ट्रेलर विकायचेत, एक लांब, एक आखूड. लांबडा बघितल्यावर आखूडकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

दार डावीकडे. गॅसची टाकी बाहेरच्या पेटीत. झोपायचे बंक वरखाली, वरच्याला कठडा. मी पोरांना आत सोडून दार लावून बाहेर उभी राहिले, बघू म्हटलं. ओवीने कडी लगेच काढली. वर दुसरी कडी लावून द्या, अंकलना सांगितलं. ते हो म्हणाले. पत्रा तापतो, पण छताला आतून थर्माकोल आहे, खिडक्या समोरासमोर.

आणि मागे, बाथरूमच्या खाली, पाण्याची टाकी. प्रचंड. सासूबाई हट्टाने आल्या होत्या, नावं ठेवायला. टाकी बघितली, वाकून ठोकून बघितली, आणि पदर खोचत म्हणाल्या, "ह्यां बरां आसा."

सासूबाई खिशात. नि. पण जवळजवळ. उद्या सुट्टी आहे, अंकल म्हणाले आरेमधून एक चक्कर मारून आणू, मग बोला.

आज पहिल्यांदा वाटलं होणार.

सोमवार, २६ जाने.
नीट लिहायला पाहिजे. 

आमची वस्ती डोंगरावर, तिथे पाणी सकाळी तासभर येतं. त्या तासात घरात जे पोकळ असेल ते भरायचं. पिंप, कळशी, पातेली, वेळ पडली तर कुकर. लग्न होऊन आले तेव्हा पहिली हीच गोष्ट शिकले. अंकलच्या यार्डातल्या नळाला असला फोर्स की बादली बघता बघता भरते. अंकल पुढे पिकअपला ट्रेलर जोडत होते. आम्ही मागे. कोणी कोणाला सांगितलं नाही. मी टाकी भरली काठोकाठ. नि.ने यार्डातली दोन रिकामी पिंपं उचलून बाथरूममध्ये ठेवली आणि भरली. सासूबाईंनी झाकणाच्या बादल्या. चहा पिऊन येऊ म्हणून चाललो होतो. पाणी कशाला? कोणालाच प्रश्न पडला नाही. पाणी आलंय तर भरायचं.

चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, म्हणून सगळे पिकअपमध्ये. आरेच्या उतारावर अंकलनी जरा वेग घेतला आणि मागून कोणीतरी ओढल्यासारखं झालं. आरशात बघते तर ट्रेलरचं मागचं अंग डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्त डावीकडे. पिकअपही डोलायला लागली. मागचा दुधाचा टेम्पो हॉर्न मारतोय. सासूबाईंनी कबीरला छातीशी दाबला, ओवीचं डोकं काचेवर आपटलं. अंकलनी ब्रेक मारला नाही, नुसता पाय काढून घेतला, हळूहळू गाडी गोठ्यांच्या बाजूला गवतात आणली. थांबली.

बाथरूमचं दार उघडलं तर पाणी पायऱ्यांवरून वाहत आलं. अंकल बघतच राहिले. "ये क्या, स्विमिंग पूल भरके लाया?"

मला तिथल्या तिथे कळलं. चाकांच्या मागे एवढं वजन, म्हणजे पुढचं नाक उचललं जाणार. शेपूट हलणार. रोज वजनं करते मी, लिटरला किलो. तिथे करते. घरी नळासमोर उभी राहिले की मी लॅबची मॅडम नसते, पाणी भरणारी असते.

ओवीला टेंगूळ आलंय, बाकी काही नाही. नि. कबीरला घेऊन गोठ्याच्या कट्ट्यावर जाऊन बसला. मी जवळ गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "संपला विषय."

गुरुवार, २९ जाने. साइट
फोनवर नि. फक्त पोरांबद्दल बोलतो. जेवली, झोपली, टेंगूळ उतरलं. ट्रेलर शब्द निघाला की, "गिऱ्हाईक आलंय, ठेवतो."

चूक पाण्याची होती. ट्रेलरची नव्हती. माझी पण नव्हती, एकटीची. आणि संपला म्हणणारा तो कोण.

रविवार, १ फेब्रु.
भांडलो. सासूबाई पोरांना घेऊन खाली दिरांकडे गेल्या, त्यांना कळलं होतं.

मी म्हटलं, टाक्या रिकाम्या ठेवून चालवायचा, मुक्कामाला पोचलं की भरायचा, एवढंच आहे ते. नि. म्हणाला, "ते मला कळलंय. मी काय येडा आहे?"
"मग?"
मग बराच वेळ मशीनचं चाक हाताने फिरवत बसला. म्हणाला, "बारा गल्ल्यांतल्या बायका माझ्याकडे येतात. माप न घेता शिवतो मी त्यांचं, अंदाजाने. मनोरला मला कोण ओळखतं? तिथे मी तुझ्यामागून आलेला नवरा."

हे तो आधी कधी बोलला नव्हता. मला वाटत होतं घाबरलाय. घाबरलाय पण वेगळ्याच गोष्टीला. खूप वाईट वाटलं. मी त्याला म्हटलं की कॅम्पात बायका आहेत, गावात आहेत, लग्नसराई तिथेही असते. तो म्हणाला, हो, असेल. आणि मीही बोलले, की मी सहा वर्षं दुसऱ्या गावाहून आलेली आई आहे, मला कसं वाटतं ते कोणी विचारलं का. तो म्हणाला, "नाही विचारलं." एवढंच.

दोघांचंही खरं आहे. मग काय करायचं असतं?

मी नोकरी सोडणार नाही. हे पुन्हा लिहून ठेवते, रडले म्हणून कोणाला वाटायला नको.

रविवार, ८ फेब्रु.
घरी न जाता सरळ मरोळ. नि.ला फोन करून सांगितलं कुठे आहे ते. "हं," म्हणाला.

आखूड ट्रेलर नीट बघितला ह्या वेळी. टाकी लहान आणि बरोबर चाकांच्या वर. बाथरूम इतकं छोटं की वळायचं म्हणजे आधी ठरवावं लागेल. बंक तीन, पण मोठा एकच, त्यात दोघं. कपाट जवळपास नाही. खिडकीखाली एक फळी आहे, पूर्वी तिथे मेकअपचा आरसा असणार.

अंकलना म्हटलं, टाकी भरून चालवा, मग रिकामी करून चालवा. मरोळच्या आतल्या रस्त्यांवरून दोन्ही वेळा मी शेजारी बसून मागे बघत होते. टाकी भरलेली असतानासुद्धा हलला नाही. तरी नियम करणार आहे, निघायच्या आधी टाकीचा नळ सोडायचा.

दोन चकरांच्या मधे यार्डात येऊन नळ सोडला. स्वच्छ पाणी, गटाराकडे. मला बघवेना. अंकल म्हणाले झाडांना जातंय मॅडम, काय पण. तरी मी एक बादली खाली लावलीच.

शनिवार, १४ फेब्रु.
साहेबांनी लॅबमागच्या जागेवर खडी टाकून घेतली, न सांगता. बघू म्हणणारा माणूस. मी थँक्यू म्हटलं तर म्हणाले, मॅडम चिखल होतो तिथे, म्हणून.

ताईचा मेसेज: अजून ते डब्याचं खूळ चालूच आहे का. उत्तर दिलं: हो.

रविवार, १५ फेब्रु.
मरोळ. दुपार.

नि. आला, पोरांना घेऊन. मी बोलावलं नव्हतं, फक्त इथे असेन सांगितलं होतं. गळ्यात मापाची टेप तशीच, काम अर्धं टाकून आला असणार. माझ्याशी धड बोलला नाही. आत गेला, खिडकीखालची फळी मापली, लांबी, मग रुंदी, मग गुडघे बसतात का ते खाली वाकून. पुन्हा मापली. मी विचारलं, मशीनसाठी? म्हणाला, "बघत होतो नुसतं." ओवी वरच्या बंकवर चढून कठड्यावरून चपला खाली टाकत होती, कबीर त्या उचलून परत देत होता, हा खेळ पाऊण तास.

मग नि. म्हणाला मोठ्या बंकची लांबी पुरते का बघतो. पाय सरळ करून आडवा झाला. कबीर पोटावर चढला. ओवी खाली उतरून भिंतीकडून घुसली. मी बाहेर अंकलशी दुसऱ्या कडीचं बोलत होते. आत आले तर तिघंही झोपलेले. नि.चे पाय बंकच्या बाहेर वीतभर. टेप ओवीच्या मुठीत.

अंकल जेवायला गेलेत, किल्ली मला देऊन.

बंकवर माझ्यासाठी जागा राहिलेली नाही. पायरीवर बसून लिहितेय. शेजारच्या गॅरेजमध्ये कोणीतरी पत्रा ठोकतंय, हे तिघं उठत नाहीत. घरी जाऊन इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही, की सगळे एका जागी आहेत आणि मला घड्याळ बघावंसं वाटत नाही.

नि.ने हो म्हटलेलं नाही अजून. उठेल, पाय अवघडले म्हणेल, गिऱ्हाइकांचं काढेल. काढू दे, ते खरं आहे, त्यावर रोज बोलू, पण तिथे जाऊन बोलू, रात्री एका दाराच्या आत.

उठला की सांगणार आहे. विचारणार नाही.