नवऱ्याच्या पाटावर नारळ

शिरवणे,
ता. २ डिसेंबर १९८२

चिरंजीव कमळाकर यास बहीण गोजराचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आमी इथे ठीक हाव. तू ठीक असशीलच, नाय तर आतापर्यंत तक्रारीचं पत्र आलं असतं.

तुझी लेक सरस्वती दिवाळीपासून माझ्याकडे हाय. ती इथे करते काय, हे तू बाप असून एकदा विचारलं नायस, म्हणून मीच सांगते. ओहोटी लागली की परकर खोचते, माझी टोपली उचलते आणि खाडीच्या चिखलात मांडीपर्यंत उतरते. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या धरते. धरते, पट्टीने मोजते, शेपटीला रंगाचा ठिपका लावते आणि सोडून देते! आपल्या घराण्यात धरलेली निवटी आजवर कुणी सोडली नाय, कमळाकर. तुझे भावजी रोज संध्याकाळी टोपलीत डोकावतात आणि तोंड पाडून बसतात. शेजारची बायजाबाई मला हळूच विचारत होती, पोरीला काही बाहेरचं झालंय का. मी म्हटलं, एम.एस्सी. झालंय, आता त्याच्या पुढचं होतंय.

ही एक कमी होती म्हणून तिच्या विद्यापीठातून आणखी एक आला. दिनानाथ सर. मराठी शिकवतात, डोक्यावर केस नाय, खांद्याला टेपरेकॉर्डर. मी लग्नात धवळे म्हणते हे तुझ्या लेकीनेच त्यांना कॅन्टीनमध्ये सांगितलं. झालं. ओट्यावर बसले आणि म्हणाले, धवळा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणा. मी विचारलं, लगीन कुणाचं? म्हणाले, कुणाचंच नाही, संशोधनासाठी. मी सांगितलं, सर, आमच्यात लगीन धवळारीण लावते, भटजी आला तर आला. हळद लागलेली नवरी पाटावर असल्याशिवाय धवळा तोंडातून निघत नाय. मी काय रेडिओ हाय का? ते म्हणाले, लग्न आहे असं समजून म्हणा. मी म्हटलं, तुमी पण जेवलात असं समजा आणि उठा.

तरी जेवूनच गेले. पुन्हा येणार हायत.

ही एक चिखलात हात घालते, ते दुसरे माझ्या तोंडात. शिकून माणसं अशी होत असतील तर मी तिसरीत शाळा सोडली ते बरंच झालं.

तुझ्या बायकोला, सखूला सांग, सुकट संपली. उत्तर लवकर पाठव, नाय तर मी स्वतः येईन आणि मग कळेल.

तुझी बहीण,
गोजरा


उरण,
ता. १३ डिसेंबर १९८२

तीर्थरूप सौ. गोजराबाय यांस कमळाकरचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पावले. सुकट तिकडे येणाऱ्या बाजीरावाबरोबर पाठवली आहे.

आनंदाची बातमी अशी की सरस्वतीचे जमले. मुलगा पंढरी, इथल्याच एका गोदामात सुपरवायझर आहे, निर्व्यसनी, घरची माणसेही चांगली. त्याच्या आईचे, यशोदाबाईंचे, एकच म्हणणे आहे. शिकलेली सून चालेल, पण चिखलात उतरणारी नको. लग्न झाले की ते संशोधन वगैरे बंद. मी होकार दिला. बाय, पोरगी चोवीस वर्षांची झाली. लोक मला विचारतात, तुमची मुलगी काय करते, आणि मला मासे मोजते असे सांगावे लागते.

माघात लग्न धरतो आहोत. धवळे तूच म्हणणार, आपल्या घरात आत्याशिवाय दुसरी धवळारीण लागत नाही हे मी यशोदाबाईंना ठासून सांगितले आहे.

एक काम मात्र कर. सरस्वतीला अजून मी काही बोललो नाही, तू सांग. मी तिच्याशी बोलायला लागलो की ती मधेच एखादा इंग्रजी शब्द टाकते आणि मी ऑफिसात साहेबापुढे उभा असल्यासारखा होतो.

भावजींना नमस्कार. तुझ्या आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर असू दे.

तुझा,
कमळाकर


मुलींचे वसतिगृह, मुंबई,
ता. १९ डिसेंबर १९८२

ती. सौ. गोजराआत्यास सरस्वतीचा सा. न. वि. वि.

आत्या, तू बाबांचं पत्र माझ्या पुढ्यात टाकलंस, वाच म्हणालीस आणि चुलीकडे वळलीस. मी वाचून होईपर्यंत तू बायजाबाईंशी पापडांवर बोलत होतीस. अशी बातमी सांगायची पद्धत मी कुठे पाहिली नाही. तेव्हा माझ्याने बोलवलं नाही, म्हणून इथे वसतिगृहावर परतल्यावर लिहिते.

पुढच्या दिवाळीपर्यंत आपल्या बाजूच्या खाडीवर भराव पडणार आणि वर इमारती उठणार. मग तिथे ना चिखल, ना निवट्या. पावसाळ्यात निवटी बिळात अंडी कशी घालते, भरती आली तरी ती कशी जगवते, तेवढं बघायचं राहिलं आहे. तेवढं झालं की माझा प्रबंध पुरा. माघात लग्न झालं तर ते राहिलं ते राहिलंच, कारण भरावानंतर ते कुणालाच बघता यायचं नाही. पंढरी वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी त्याला पाहिलेलंच नाही.

बाबांना नाही म्हणणं मला जमत नाही. ते रागावले असते तर मी भांडले असते. ते गप्प बसतात आणि जेवणाचं ताट तसंच बाजूला सारतात. तूच काहीतरी कर.

दिनानाथ सरांचंही तुझ्यामुळे अडलं आहे. माझे गाईड त्यांना चहाच्या टेबलावर चिडवतात, की बायकांची गाणी ऐकायला विद्यापीठ कशाला हवं, बारशाला जावं. सर म्हणतात, शेपट्या मोजायला तरी कशाला हवं, शिंप्याला बोलवा. मग दोघंही माझ्याकडे बघतात, कारण मी एकाची विद्यार्थिनी आणि दुसऱ्याच्या गायिकेची भाची. सर रविवारी पुन्हा येणार आहेत. त्यांना हाकलू नकोस.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, तो शिव्यांतून येतो इतकंच.

तुझी,
सरस्वती


शिरवणे,
ता. २७ डिसेंबर १९८२

चि. सरस्वतीस आत्याचे आशीर्वाद वि. वि.

तूच काहीतरी कर म्हणे. तुझ्या बापाला तू घाबरतेस, तुझा बाप तुला घाबरतो आणि दोघं मिळून माझ्या दाराशी येता. मी तुमची वकील नाय. बापाला नाय म्हणायचं तर तुझ्या तोंडाने म्हण. एवढी इंग्रजी शिकलीस, त्यात नाय म्हणायला शब्द नाय का?

निवटी अंडी कुठे घालते ते मला विचारू नको. मी तिला कधी विचारलं नाय. आमची भेट तव्यावर होते, तेव्हा विचारायची वेळ गेलेली असते.

आता दुसरं. ते सर कालच्या रविवारी आले. मी निवडायला कोळंबी घेतली तर तेही निवडायला बसले. त्यांनी निवडलेली कोळंबी मांजरानेसुद्धा हुंगून सोडली. दिवसभर मौखिक परंपरा, मौखिक परंपरा. माझं डोकं उठलं. म्हणून मी ठरवलं, हा डाग ओट्यावरून घालवायचा. येत्या रविवारी तू ये, हळद लावून नवरीच्या पाटावर बस. मी धवळा म्हणते, सरांचं यंत्र भरून जाऊ दे आणि सर पण जाऊ दे.

नवरा कोण असं विचारशील. सरांना बसवणार नाय, त्यांना घरी बायको हाय आणि ती मास्तरीण हाय. नवऱ्याच्या पाटावर नारळ ठेवू. आपल्यात नवरा दर्यात मचव्यावर अडकला आणि मुहूर्त टळत असला तर असंच करतात. तुझ्या सितारामआजोबांचं तसंच झालं होतं. म्हणजे माझा नेम मोडत नाय आणि तुझं बिघडत पण नाय. चार बायका बोलावते, कोरसाला लागतात.

पाय धुऊन ये. मागच्या वेळी माझ्या चादरीवर खाडी आणलीस.

तुझी आत्या,
गोजरा


उरण,
ता. १० जानेवारी १९८३

सौ. गोजराबाय यांस नमस्कार.

बाय, हे काय करून बसलीस? आशीर्वाद मागायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस.

यशोदाबाई बाजारात गेल्या तर मासळीवालीने त्यांना ऐकवले की तुमच्या सुनेला शिरवण्यात नारळाला देऊन टाकली. त्या तशाच चपला फटफटवत माझ्या घरी आल्या. मी म्हटले, ते खोटे होते, विद्यापीठाचे संशोधन होते. त्यांनी विचारले, हळद खरी होती का? मी म्हटले, खरी. धवळारीण खरी होती का? खरी, माझी सख्खी बहीण. मग खोटे काय होते, नारळ? नारळही खराच होता!

सितारामकाकांचा दाखला तर सगळ्या उरणला पाठ आहे. त्यांची तीन मुले त्याच नारळाच्या लग्नाची. तिथे नारळ चालला तर इथे का चालू नये, असे लोक विचारतात. पंढरी बिचारा गोदामात गेला की हमाल त्याला विचारतात, तुझ्या सवतीला किती रुपये शेकडा.

इथल्या जाणत्यांनी तोड काढली आहे. पाच माणसांसमोर काडी मोडून नारळाकडून सोडचिठ्ठी घ्यायची, मग सरस्वती मोकळी आणि माघातला मुहूर्त साधता येईल. म्हणून येत्या रविवारी तो नारळ घेऊन ये. तोच. दुसरा चालणार नाही असे त्यांनी बजावले आहे.

सखू दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही, जणू नारळ मीच ठेवला.

कमळाकर


शिरवणे,
ता. १४ जानेवारी १९८३

चि. कमळाकर यास गोजराचे आशीर्वाद. तू मागितले नायस तरी देते.

रविवारी मी येणार नाय आणि नारळ तर येऊच शकत नाय. तो आमी सोमवारी खाल्ला. सर रात्री इथेच राहिले होते, दुसऱ्या दिवशी कालवणाला ओलं खोबरं कमी पडलं, पाटाजवळ तो दिसला, मी फोडला. सरांनी दोनदा मागून घेतलं. आता हे त्या पाच जाणत्यांना सांगितलंस तर ते म्हणतील पोरगी विधवा झाली, आणि तू ओसरीत बसून रडशील. म्हणून रडायच्या आधी पुढचं वाच.

लगीन लागलेलंच नाय. धवळ्यात सगळ्यात शेवटी हात सोडवणीचं गाणं असतं. आत्या ते म्हणते आणि नवरीचा हात आपल्या हातातून सोडून नवऱ्याच्या हाती देते, मग अक्षता पडतात. ते गाणं मी म्हटलं नाय. बायजाबाई आणि चांगुणाबाई समोर बसल्या होत्या, त्यांना विचार. दोघींच्या अक्षता मुठीतच राहिल्या आणि मुठी तशाच घेऊन त्या घरी गेल्या. तुझ्या उरणला बातमी नेली ती आमच्या सुंदराबाईने. ती आधीच भात करपतोय म्हणून उठून गेली होती. अर्धं बघून पुरं सांगायची तिची सवय जुनी हाय.

का म्हटलं नाय, ते पण सांगते. मी तयारी काही केली नव्हती, मला त्या सरांना घालवायचं होतं एवढंच. पण धवळा सुरू झाला की मी गोजरा राहत नाय हे तुला ठाऊक हाय. हळदीचा झाला, तेलाचा झाला, बायका रंगल्या, सरांचे डोळे मिटले. मी शेवटच्या गाण्यासाठी सरस्वतीचा हात हातात घेतला. वर बघते तर पोरगी रडतेय. नवऱ्या सगळ्याच रडतात, मी इतक्या लग्नांत बघितल्या, त्या रडताना एक डोळा दागिन्यांवर असतो. ही तशी रडत नव्हती. ही नारळाकडे बघत होती, जसं काय तो आता तिला उचलून कुठे घेऊन जाणार. मला कळलं, हिला इथे नारळ दिसत नाय, माघ महिना दिसतोय. खोट्या पाटावर हिची ही दशा, तर खऱ्यावर काय होईल? आणि तो हात मीच सोडणार होते, कमळाकर. दुसरं कोण सोडणार? मी सरांना म्हटलं, संपलं, बंद करा यंत्र.

सरांना काय कळणार. त्यांनी त्यावर लिहायला घेतलं हाय. धवळा मधेच थांबतो, कारण बाईचं दुःख शब्दात मावत नाय, असं त्यांनी दोन पानं मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, झकास, लिहा. कुणाच्या पोटावर पाय कशाला द्या.

आता यशोदाबाईला नीट सांग. अर्धा म्हटलेला धवळा पुन्हा पहिल्यापासून म्हणता येत नाय. दुसऱ्या धवळारणीला तो पुरा करता येत नाय, कुणी तसं केलं तर तिला पुढे एकही घर बोलावणार नाय, हे तिलाही ठाऊक असेल, ती पण आपल्यातलीच हाय. नवऱ्याचा पाट रिकामा हाय, त्यावर तिच्या पंढरीला बसवायचं तर माझी ना नाय. मुलगा वाईट वाटत नाय. हमालांचं एवढं ऐकून अजून स्थळ मोडलं नाय म्हणजे दमाचा असेल. पण शेवटचं गाणं मीच म्हणणार, आणि सरस्वती मला येऊन, आत्या आता म्हण, असं सांगेल त्या दिवशी म्हणणार. तू सांगून नाय, यशोदाबाई सांगून नाय, मुहूर्त सांगून तर नायच.

हे मी सरस्वतीलाही सांगितलं. तिला म्हटलं, बापाला तुला नाय म्हणवत नाय ना, मग हो म्हणू नको, तेवढं तरी जमेल. ती हसली आणि टोपली घेऊन गेली. आता ओहोटी हाय. मी लिहितेय तिथून मला ती दिसतेय, कमरेत वाकलेली, चिखलात.

तुझं ताट सारणं वगैरे माझ्यापुढे चालायचं नाय. राग आला असेल तर ये आणि समोर बसून भांड, भात टाकते. सखूला पण आण. हातातली कामं ठेव बाजूला आणि निघ.

तुझ्या मुलीचा हात अजून माझ्या हातात हाय.

तुझी बहीण,
गोजरा