परदेशी पाहुणी

धारवाड,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय हेमा,

सकाळपासून कानात एकच आवाज आहे. रॉकेलचा रिकामा डबा आणि त्यावर पडणारी काठी. कुंदगोळच्या आपल्या रानात ज्वारी दाण्यावर आली की अप्पा माळा बांधायचे आणि तू त्यावर उभी राहून पाखरं हाकलायचीस. मी नुकताच शाळेत कविता शिकवायला लागलो होतो, तुला नुसत्या आरोळ्या मारू देईना. वर्गातली कविता डब्याच्या ठेक्यावर म्हणायला लावायचो. तू चिमण्यांना अख्खं कडवं ऐकवायचीस आणि वर मलाच म्हणायचीस, "अण्णा, तुझी कविता ऐकून पाखरंसुद्धा पळतात बघ." वर्गातली पोरंही तेच करायची, पण ते तुला कधी कळू दिलं नाही.

मेधा काल येऊन गेली. ज्वारीच्या संशोधनात तुझी ती इथली सहकारी असेल, माझी मात्र अजून विद्यार्थिनीच, दारात चप्पल काढली की आधी "सर, नमस्कार." काल नमस्कार विसरली, तेव्हाच समजलो. ज्वारीची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा रद्द झाली हे तुला माझ्याआधीच कळलं असणार. विमानाचं भाडं, राहणं, खाणं सगळं तिकडच्या निधीतून होणार होतं आणि पैसे देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला. मेधा म्हणाली, शेतीच्या संशोधनावरच पहिली कुऱ्हाड पडते, कारण पीक कुणाच्या दारात येऊन घोषणा देत नाही. मग संध्याकाळी मला तिनं तिचं प्रयोगाचं रान दाखवायला नेलं. निरनिराळ्या देशांची वाणं तिनं शेजारी शेजारी पेरली आहेत. कुणाचं कणीस मुठीसारखं आवळलेलं, कुणाचं मोकळं सोडलेल्या केसांसारखं. सगळी एकदम भरात आलेली, आणि बघायला येणारे आपापल्या देशात बसलेले. "सर, निधी पुढच्या वर्षी मिळेलही," ती म्हणाली, "पण ही ज्वारी पुढच्या वर्षापर्यंत थांबणार आहे होय?"

मी घरी आलो आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ठेवलं. तुझ्या येण्याच्या तारखेभोवती तुझ्या वहिनीनं, इंदुमतीनंच, गोल काढला होता.

हेमा, मागच्या कार्यशाळेला तू आलीस, त्याला आता किती वर्षं झाली ते मोजत नाही. जर्मनीचा पासपोर्ट झाल्यामुळे तू यादीत 'परदेशी तज्ज्ञ' होतीस आणि निधीच्या नियमाप्रमाणे सगळ्या पाहुण्यांबरोबर हुबळीच्या हॉटेलात उतरलीस. घरी आलीस ती जेवणापुरती, गळ्यात नावाची पट्टी तशीच. इंदुमतीनं पलंगावर कोरी चादर घातली होती. मी हुबळीच्या बाजारात, दुर्गदबैलात जाऊन काचेचे नवे पेले आणले होते. जेवताना तू सांगत होतीस की आपली ज्वारी मुळात आफ्रिकेतून आलेली, आणि इंदुमती हसून म्हणाली, "म्हणजे तीपण परदेशी पाहुणीच की!" तूही हसलीस. मग मी तुझ्या ताटाशी बाटलीतलं पाणी ठेवलं. तू एकदा बाटलीकडे पाहिलंस, एकदा स्वयंपाकघरातल्या माठाकडे. भाकरी अर्धी राहिली, गाडी आली आणि तू गेलीस. बाटलीचं झाकण उघडलंच नव्हतं.

आपलं भांडण कधी झालंच नाही, म्हणून ते मिटवताही आलं नाही. तुला त्रास होऊ नये एवढंच आमच्या मनात होतं. पण त्या ज्वारीला आपण कधी बाटलीतलं पाणी घातलं नाही आणि ती इथलीच होऊन गेली. तुला मात्र आम्ही पाहुणी केलं. पुढं दिवाळीचे फोन होत राहिले. तिकडं थंडी किती, इकडं ऊन किती. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी मुलांना उलगडून सांगितल्या आणि स्वतःच्या बहिणीला सांगायची एक ओळ जिभेवर आली नाही.

यंदा मेधानं यादी दाखवली, त्यात तुझं नाव होतं. मी मनात म्हटलं, चला, बोलवावं लागलं नाही, आपोआप येतेय. तूही तिकडं असंच म्हणाली असशील का? की चला, जावं लागलं नाही, कामानंच नेलं? दोघंही त्या निधीच्या आडोशाला उभे होतो. तो आडोसा गेला तेव्हा मला उघड्यावर आल्यासारखं झालं. म्हणून हे पत्र. मेधा त्याचा फोटो काढून तुला पाठवील. ज्वारी अजून पंधरा-वीस दिवस कोवळी आहे, सीतनी भाजता येईल, पुण्याकडचे ज्याला हुरडा म्हणतात तीच. यादी नको, पट्टी नको, कुणाचं निमित्त नको. हेमा, घरी ये. उतरायला घरी ये.

थांब, दार वाजतंय. इंदुमती शेजारी गेलीय, मलाच उठायला हवं.

हेमा, आत्ता पुन्हा लिहायला बसलो. दारात एक उंच, सावळी मुलगी होती, पाठीवर पिशवी, मागं स्टेशनवरून आलेली रिक्षा. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "अण्णा?" गाव मला सर म्हणतं, ह्या हाकेनं तुझ्याशिवाय कुणी बोलावत नाही. तुझी इथिओपियाची विद्यार्थिनी, अल्माझ. निधी बुडाला तर स्वतःच्या पैशानं आली, कारण कणसं थांबत नाहीत, असं इंग्रजीत म्हणाली. मी सवयीनं बाजाराची पिशवी घेऊन पाण्याची बाटली आणायला निघालो. तिनं मला अडवलं आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं. म्हणाली, हेमानं सांगितलंय, त्या घरात माठातलंच पाणी पी, तसं पाणी कुठं मिळत नाही.

ती दुसरा पेला पितेय. तिला मेधाच्या रानात न्यायचंय, म्हणून पुरे करतो.

तुझी वाट पाहणारा,
तुझाच अण्णा