गोदूबाईंना बोली येते, अशी नोंद करण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
बोली सर्वेक्षण कक्ष,
रत्नागिरी.

अर्जदार: सौ. योगिनी हर्षद पाष्टे, रा. खालची वाडी, मु. पो. माळकातळ, ता. जि. रत्नागिरी.

विषय: आमच्या वाडीतील नऊ घरांपुढे पडलेली ‘स्थानिक बोली बोलणारे: शून्य’ ही नोंद दुरुस्त करून मिळण्याबाबत.

संदर्भ: घरोघरी भरून घेतलेला बोली नमुना, दि. १७ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

लिहिताना मान खाली जात असूनही अर्ज करते की,

१. दि. ९ ऑगस्ट रोजी दुपारी, मुलगी झोपलेली व घर चिडीचूप असताना, मागच्या न्हाणीत तांब्या पडल्याचा आवाज झाला. जाऊन पाहिले तर माझ्या सासूबाई गोदूबाई दादू पाष्टे, वय ७१, पाय घसरून भिंतीला टेकून बसल्या होत्या. पडून बराच वेळ झाला होता. तांब्या त्यांनी हाताने ढकलला होता. ‘आई, हाक का नाही मारलीत?’ असे विचारले असता त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला त्रास नको.’ साहेब, लग्न झाल्यापासून सात वर्षे त्यांनी मला ‘अगो योगिनी’ अशीच हाक मारली. हे ‘तुम्हाला’ मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. सुदैवाने हाड मोडलेले नाही.

२. याचे कारण मी स्वतः आहे. जानेवारीत आम्ही मुलगी वेदिका हिला शाळेच्या प्रवेशासाठी रत्नागिरीस नेले होते. तेथे तिने बाईंना ‘माना पानी दे गो’ म्हटले व बाकावरच्या दोन आया हसल्या. बाईंनी पाणी दिले, प्रवेशही झाला. तरी मी घरी येऊन सासूबाईंना म्हटले, ‘वेदिकासमोर नीट बोला, नाहीतर बोलूच नका.’ मी चिपळूणची, बी. ए. झालेली, मला वाटले, नीट बोलू लागतील. त्यांनी वाक्याचा दुसरा भाग पाळला.

३. पुढे फेब्रुवारीत अंगणवाडीच्या श्रद्धाताई आपला नमुना घेऊन आल्या. माझे अक्षर चांगले म्हणून वाडीतील नऊही घरांचे नमुने मीच भरले. ‘घरात जुनी बोली कोण बोलते’ या रकान्यात मी आमच्या घरापुढे शून्य लिहिले. ते पाहून शेजारच्या कमळाकाकी म्हणाल्या, ‘तुमच्यात शून्य, तं आमच्यात कशाला? आमी काय अडानी?’ मग सगळ्यांनीच शून्य घालायला लावले आणि मी घातले. ओटीवर बसून ही चर्चा होत होती ती त्याच बोलीत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही असे लिहिणार होते. पण आले होते.

४. या शून्यामुळे व सासूबाईंची बोली बंद झाल्यामुळे काय बिघडले ते नमूद करणे आवश्यक आहे. सासूबाई गेली चाळीस वर्षे वाडीतील बाळंतिणींना व बाळांना न्हाऊ घालतात. आमच्याकडे नवी सून सासरच्या माणसांदेखत आपले दुखणे सांगत नाही. म्हणून न्हाऊ घालणारी बाई तिला काहीच विचारत नाही, विचारते बाळाला. वेदिका पंधरा दिवसांची असताना तिला पायांवर घेऊन सासूबाई म्हणायच्या, ‘काय गो बाय, तुजी आवस रातची जेवली काय? का नुस्ती रडत बसली?’ आवस म्हणजे आई, मीच. बाळ काय बोलणार? मी पाण्याच्या आवाजात उत्तर द्यायचे. जे मी माझ्या आईला फोनवर सांगू शकले नाही ते त्या न्हाणीत सांगितले आहे. हा प्रश्न पुस्तकी मराठीत विचारता येत नाही. मी विचारून पाहिला. तो चौकशीसारखा वाटतो.

५. मे महिन्यात दोन घरे सोडून राहणारी मनस्वी बाळंत झाली. तिचा नवरा विनोद मुंबईस असतो. सासूबाई न्हाऊ घालायला गेल्या, पण तीन दिवस एक शब्द बोलल्या नाहीत. मनस्वीच्या सासूला वाटले, म्हातारी रागावली. तिने त्यांना येऊ नका सांगितले. त्यानंतर सहा आठवडे मनस्वी भिंतीकडे तोंड करून बसत होती, बाळाला घेत नव्हती, आणि हे कोणाला कळले नाही. नर्सबाई लस द्यायला आल्या तेव्हा कळले. सध्या तिच्यावर रत्नागिरीस उपचार चालू आहेत. बाळ वरच्या दुधावर आहे.

६. ज्या वाडीत बोली बोलणाऱ्या बायका आहेत तेथील एकीला आरोग्य तपासणीच्या दिवशी उपकेंद्रात बाळंतिणींजवळ बसवणार, असे आपल्या पत्रकात आहे. शून्यामुळे आमची वाडी त्या यादीत नाही. दुरुस्तीसाठी बोलणाऱ्या व्यक्तीचे दहा मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून द्यावे लागते. मी मोबाईल तांदळाच्या डब्यामागे ठेवला. अकरा मिनिटांत कुकरच्या तीन शिट्ट्या व कोंबडा एवढेच आले. माफी मागितली, त्या म्हणाल्या, ‘तुमचं बरोबर होतं. पोरीचं नुकसान नको.’ शेवटी मुद्दाम भांडण काढले. ‘आई, तुमची अळूवडी फसली’, असे म्हटले. या वाक्यावर त्या आजवर गप्प बसलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘चुकलं माझं.’ ते ध्वनिमुद्रण मी पुसून टाकले.

७. तरी विनंती की, आपल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाच्या घरी तान्हे बाळ असल्यास नोंदीच्या प्रत्यक्ष पडताळणीस येताना ते आईसह सोबत आणावे. तेल, ऊन पाणी, धुरी आमच्याकडे आहे. बाळाला काही होणार नाही. सासूबाईंच्या हातून शंभरावर मुले न्हाऊन निघाली आहेत. मनस्वीच्या बाळाला त्यांनी मुक्याने न्हाऊ घातले हे खरे, परंतु तेल द्यायला म्हणून मी तेव्हा दारात उभी होते. पडताळणीच्या दिवशी मी घरात थांबणार नाही. तसे हमीपत्र जोडले आहे.

नऊ घरांची चूक एकट्या माझ्या नावे धरावी.

आपली अपराधी,
सौ. योगिनी हर्षद पाष्टे
दि. २० ऑगस्ट २०२५

सोबत: १) पडताळणीवेळी घराबाहेर राहण्याचे हमीपत्र. २) नऊ नमुन्यांच्या प्रती, सर्व माझ्या अक्षरात. ३) अंगणवाडी सेविकेचा दाखला.

ता. क. सही करत असताना वेदिका झोपेतून उठून आली व पाटाजवळ बसली. आजी माजघरात वाती वळत होत्या. तिने माझ्या कानाशी येऊन, अगदी शुद्ध, विचारले, ‘आई, मी काय केलं म्हणून आजी माझ्याशी बोलत नाही?’