नळीतल्या सिगारची चव

अण्णा,

आज जेवून उठले आणि ताट तसंच ठेवून इथे येऊन बसले. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी आता आले आहे, त्यामुळे ताटावरून बोलणारं कुणी उरलेलं नाही. घरात माणसं आहेत, पण त्यांना त्या रविवारची गोष्ट सांगायची तर आधी आई सांगावी लागेल, मग तुम्ही, मग मी तेव्हा कशी होते ते. तेवढं बोलायचं त्राण नाही. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते.

आई गेली त्यानंतरचं ते वर्ष. इंदिरानगरला तेव्हा घरं तुरळक होती, मागच्या अंगणातून थेट शेतं दिसायची. दादा इगतपुरीला रेल्वेत, बायकामुलांसह क्वार्टरमध्ये. घरात तुम्ही आणि मी. सकाळी पोळीभाजी करून मी ऑफिस गाठायचे, संध्याकाळी बसमधून उतरले की पुन्हा ओट्यापाशी. तुम्ही पानात पडेल ते खाऊन उठायचात आणि अवाक्षर काढत नव्हतात. आई होती तेव्हा तसं नव्हतं. आमटीला आज चिंच जास्त झाली, ही कोथिंबीर कालची आहे, असं काही ना काही असायचंच. सातपूरच्या कारखान्यात सगळं आयुष्य इन्स्पेक्शनला काढलेला माणूस. हातात काहीही घेतलं की पास नाहीतर रिजेक्ट. माझ्या स्वयंपाकाला मात्र तुम्ही पासही म्हणत नव्हता आणि रिजेक्टही. मी मिरच्या वाढवून पाहिल्या, आईसारखा मसाला दोनदा भाजून पाहिला. एका संध्याकाळी आमटीत चुकून मीठ दुप्पट पडलं. मी पहिला घास घेतला आणि थांबले, तर तुम्ही शांतपणे भुरकत होतात. मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "आईसारखं होत नाही, एवढं एकदाचं बोलून टाका ना." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, वाटी संपवलीत आणि हात धुवायला उठलात.

मग तो रविवार येतो. दुपारची वेळ. मी भांडी घासून पदराला हात पुसते आहे आणि तुम्ही कपाटातून तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून आणता. त्यात काय आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी शाळेत असताना तुमच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. भाषा धड कुणालाच येत नव्हती, तरी तुमचं आणि त्याचं फार जमलं. जाण्याच्या दिवशी शेडच्या मागे उभं राहून तुम्ही दोघांनी एक क्यूबाचा सिगार अर्धा अर्धा ओढलात, आणि त्याचाच जोडीदार, अल्युमिनिअमच्या नळीतला, तो तुम्हाला देऊन गेला. जितका जुना होईल तितका चांगला, फक्त सुकू देऊ नका, असं त्याने हातवारे करून सांगितलं. तुम्ही फुटक्या माठाची खापरी भिजवून त्या डब्यात ठेवू लागलात. उन्हाळ्यात रोज भिजवायची, पावसाळ्यात बुरशी येईल म्हणून काढून घ्यायची. आई म्हणायची, "माझ्या बाळंतपणात एवढं जपलं असतंत तर." रिटायर व्हाल तेव्हा ओढणार होतात. पण तेव्हा आई हॉस्पिटलमध्ये होती, आणि तो डबा कुणाला आठवलाही नाही.

तुम्ही मागच्या अंगणात दोन खुर्च्या मांडता आणि मला बस म्हणता. नळीतून सिगार काढता. इतक्या वर्षांनी तुम्हाला कामावर असल्यासारखं मी तेव्हा पाहिलं. तुम्ही तो उन्हात फिरवून कुठे भोक पडलंय का पाहिलंत, बोटांनी हलकेच दाबलात, कानाशी धरून चोळलात. कुरकुरला नाही, म्हणजे सुकला नाही, असं मला समजावलंत. मग विळीवर त्याचं टोक अगदी जरासं कापलंत आणि काडी लांब धरून, घाई न करता, गोल फिरवत पेटवलात. पहिला झुरका घेतलात. डोळे मिटलेत. मी वाट पाहत होते. दुसरा घेतलात. मग तुमचा चेहरा असा झाला की मला वाटलं छातीत दुखतंय. तुम्ही सिगार माझ्यापुढे केलात.

"तू ओढ," म्हणालात. "धूर गिळू नकोस. तोंडात घे, थांब, सोड. आणि काय लागतं ते सांग."

मी नाही म्हटलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. पहिल्यांदा ठसका लागला. दुसऱ्यांदा जिभेवर काहीतरी राहिलं. मी म्हटलं, गुळाचा पाक जरासा लागला की येतो तसं काहीतरी. मग ओलं लाकूड. नव्या चपलेचं कातडं. शेवटी थोडं कडू, पण कॉफीचं असतं तसं, नकोसं नाही. तुम्ही पुढे वाकून ऐकत होतात. आधी कडू की आधी गोड, घशाला टोचतं का, धूर सोडल्यावर काय उरतं, असं एकेक विचारत गेलात. राख पांढरट होती आणि पडत नव्हती. तीही तुम्ही न्याहाळलीत.

"मनाने तर सांगत नाहीस ना?"

"नाही अण्णा. लागतंय तेच सांगतेय."

"मग चांगला टिकला," तुम्ही म्हणालात. "तेव्हा घशाला टोचत होता. आता मऊ झालाय." आणि जरा वेळाने, शेताकडे बघत, "मला काही लागत नाही गं. तुझी आई गेल्यापासून कशालाच चव नाही. म्हटलं, याची तरी लागेल."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत. तुम्ही म्हणालात, तू दमून येतेस, त्यात आणखी हे कशाला. म्हणजे त्या संध्याकाळी आमटीतलं मीठ तुम्हाला कळलंच नव्हतं, आणि मी मात्र रात्रभर धुमसत होते. मला रडू यायला हवं होतं. मी नुसताच आणखी एक झुरका घेतला. नेमक्या तेव्हाच शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या आणि मला तशी बघून उभ्याच राहिल्या. तुम्ही त्यांना गंभीरपणे सांगितलंत की टेस्टिंग चाललंय.

गल्लीत व्हायची ती चर्चा झाली. पुढच्या खेपेला दादा आला तो तापूनच. बिनलग्नाची बहीण अंगणात बसून सिगार ओढते, लोकांना तोंड कसं दाखवायचं, असं बराच वेळ चाललं होतं. तुम्ही पेपर खाली ठेवून म्हणालात, "तिला मी सांगितलं होतं. माल पास झाला," आणि पुन्हा पेपर उचललात. माझी बाजू तुम्ही इतक्या उघडपणे घेतल्याचं मला दुसरं आठवत नाही.

त्यानंतर डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, फरक पडला नाही. जेवताना मी तुम्हाला चव सांगू लागले. आज वांग्यात कारळ्याचं कूट आहे, किंचित कडवट. आज कैरी फार आंबट निघाली. तुम्ही मान हलवायचात, कधी म्हणायचात, मग गूळ थोडा जास्त घाल. काही दिवस हे फार छान चाललं, आणि मग नेहमीचं झालं. बसला उशीर व्हायचा, पाय दुखायचे. मी नुसतीच वाढू लागले, आणि तुम्हीही विचारत नव्हतात. आपण दोघंही दमलो होतो, अण्णा. कुणाचा कुणावर राग नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. पहाटे चहा घेऊन आले तेव्हा कळलं. दिवसवार झाले, पाहुणे पांगले, दादा वहिनींना घेऊन इगतपुरीला परतला. मला चल म्हणत होता, मी नाही म्हटलं. नंतर त्याने विचारलं, ते पहिले दिवस एकटीने कसे काढलेस, तर मी सांगितलं, रडून. ते सगळ्यांना पटलं, आणि मीही पुढे तसंच सांगत आले. पण रडले नव्हते. ते सगळे गेले त्या दुपारी मी दार लावलं, स्वयंपाकघरात डोकावले, कुणासाठी काहीच करायचं नव्हतं. तिथेच ओट्याखाली थंड फरशीवर आडवी झाले आणि दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर आलं तेव्हा उठले. तशी झोप मला पुन्हा कधी लागली नाही.