आई, तुमचे ते मरणारे देव

प्रिय आई,
सप्रेम जयभीम.

काल संध्याकाळी यशू रडली. पोटभर रडली. नाक पुसायला माझी नवी ओढणी घेतली आणि मी चकार शब्द काढला नाही. एवढी चांगली बातमी तुम्हाला कळवल्याशिवाय मला राहवेना, म्हणून शुक्रवारची सुट्टी असूनही, कणीक तशीच झाकून ठेवून लिहायला बसलेय.

नात रडली ही कसली चांगली बातमी, असं विचाराल. तुम्ही भाच्याच्या लग्नाला म्हणून चिपळूणला गेलात. “चार दिवसांत येते गो, माझी उशी कुणाला देऊ नको,” असं मला बजावून गेलात. आणि आलाच नाहीत! तेव्हापासून तुमची नऊ वर्षांची नात एकदाही रडली नव्हती. शिवाय घरात मराठी बोलणंच तिनं बंद केलं होतं. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, तेही “ओके” आणि “फाइन” एवढंच. इथे मस्कतमध्ये, कुरुमच्या ऑफिसात नकाशे काढताना माझं अर्धं डोकं तिच्यापाशी असायचं. पोरगी आतून मिटत चालली होती आणि का, ते कळत नव्हतं.

ते कारण काल कळलं. आणि त्यात तुमच्या देवांचा हात निघाला, आई!

हो, तुमचेच देव. जन्मभर घरात एक देव ठेवला नाहीत आणि म्हातारपणी अख्खं गोत जमवलंत! आठवतं ना, आमच्याकडे दार्सैतच्या घरी आलात त्याच महिन्यात यशूनं विचारलं होतं की तिच्या मैत्रिणी संध्याकाळी कृष्णमंदिरात जातात, त्यांच्याकडे देवांच्या गोष्टी आहेत, मग आपल्याकडे का नाहीत? तुम्ही बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा सांगितल्यात. तिनं ऐकून घेतल्या आणि म्हणाली, “ओके, पण गोष्ट?” मग शाळेच्या लायब्ररीतून युरोपच्या उत्तरेकडच्या, त्या बर्फाच्या मुलखातल्या देवांचं जाडजूड पुस्तक घेऊन आली. तुम्ही हात झटकलेत. “आपल्या घरात देव नकोत, बाय.”

“बट आजी, दीज गॉड्स डाय.”

“काय म्हणते ही?”

“हे देव मरतात म्हणते,” मी कांदा चिरता चिरता सांगितलं.

“मरतात?” तुम्ही चष्मा लावलात. “मग सांग.”

तिथून सुरू झालं. ती इंग्रजीत वाचायची, तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत तुम्हाला सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तीच गोष्ट तिला धड मराठीत, चिपळूणचं तिखटमीठ लावून परत सांगायचात. माझ्या पोरीची मराठी ओडिन आणि थॉर यांनी सुधारली, हे कुणाला सांगितलं तर पटेल का?

जगाच्या सुरुवातीला एकीकडे नुसती आग आणि दुसरीकडे नुसता बर्फ, मधे पोकळी. “बाहेर मस्कतचं ऊन, आत तुझ्या आईचा एसी, आणि मधे आपली बाल्कनी,” असं तुम्ही समजावलंत. त्या पोकळीत बर्फ वितळून इमिर नावाचा राक्षस झाला, आणि एक गाय, जी खारट बर्फ चाटून जगायची. पुढे देवांनी इमिरला मारून त्याच्या रक्ताचा समुद्र केला, हाडांचे डोंगर केले, कवटीचं आकाश केलं. तुम्ही घास हातात धरून थांबलात. “म्हणजे आपण मढ्यात राहतो? शी! जेवताना नको गो असलं.” आणि जेवण झाल्याबरोबर, “हां, मेंदूचं काय केलं मग?” मेंदूचे ढग केले, आई. ओमानात ढग कमी का, यावर तुम्ही जे बोललात ते मी इथे लिहीत नाही.

मग ते झाड. इग्द्रसिल नावाचा अवाढव्य वृक्ष, त्याच्या मुळाफांद्यांत नऊ जगं. वर देवांचं अस्गार्ड, मधे माणसांचं मिडगार्ड, दोन्हींना जोडणारा इंद्रधनुष्याचा पूल, आणि खाली मेलेल्यांचा मुलूख. तो सांभाळणारी बाई हेल. मुळाशी एक नाग झाड कुरतडत बसलाय, शेंड्यावर गरुड, आणि एक खार दिवसभर वरखाली धावत दोघांच्या शिव्या एकमेकांना पोचवते. तुम्ही एका क्षणात म्हणालात, “ही आपली फिलूआंटी!” खालच्या मजल्यावरची फिलोमिना आंटी तेव्हा नेमकी दारातच उभी होती. वसईची बाई, ती कसली ऐकून घेतेय? “मी खार, तर शिव्या देणारा नाग कोण, कमलबाई?” तीन दिवस तुमच्यात अबोला होता आणि चौथ्या दिवशी दोघी मासळीबाजारात सुरमईवर एकत्र भांडताना दिसलात.

ओडिन तर तुम्हाला कधी पटलाच नाही. सगळ्या देवांचा बाप, शहाणपणासाठी विहिरीत स्वतःचा एक डोळा टाकला, विद्या मिळावी म्हणून त्याच झाडाला नऊ रात्री टांगून घेतलं. “लटकायची काय गरज होती? आमचा झाडाखाली शांत बसला आणि मिळवलंन,” असा तुमचा निकाल. थॉर मात्र लाडका. हातोडा आपटून मेघ गरजवणारा, रागीट, खादाड, मनाचा साफ. तुम्ही म्हणायचात, अगदी माझ्या लेकासारखा, मिलिंदसारखा. त्याच्या गाडीला दोन बोकड. रात्री कापून खायचे, आणि हाडं शाबूत ठेवली तर सकाळी जिवंत! एका पोरानं चोरून नळी फोडली आणि बोकड लंगडा झाला, तेव्हा तुम्ही त्या पोराची बाजू घेतलीत. “नळी फोडायची नाही तर मटण खायचं कशाला?” यशू हसून हसून सोफ्यावरून खाली पडली होती.

तुम्हाला हे देव का आवडले, ते मला हळूहळू कळत गेलं. ते म्हातारे होतात. इदुन नावाची देवी त्यांना सफरचंदं देते म्हणून ते तरुण राहतात, ती पळवून नेली तर केस पिकतात, गुडघे धरतात. शेवटी एक मोठं युद्ध होणार आणि त्यात आपण मरणार हे त्यांना आधीपासून माहीत असतं, तरी ते रोजची कामं करतात. “यांच्यापुढे हात जोडायला नको, यांच्याशी गप्पा मारता येतात,” तुम्ही म्हणालात. “जे झालंय ते जाणार, हे यांनापण कळलंय.” आमच्या बाल्कनीत बसून तुम्ही तो परका धर्म किती सहज आपल्या ओळखीचा करून टाकलात!

आता बाल्डरकडे येते. कालचं सगळं त्याच्यापाशीच घडलं.

ओडिन आणि फ्रिग यांचा हा देखणा मुलगा, सगळ्यांचा लाडका. त्याला स्वतःच्या मरणाची स्वप्नं पडू लागली, तेव्हा आईनं जगातल्या एकूण एक वस्तूकडून शपथ घेतली की याला इजा करणार नाही. एकच झुडूप सुटलं. यशूला त्याचं मराठी नाव येईना. दुसऱ्याच्या झाडावर उगवतं, त्याचंच पाणी पितं, असं ती सांगत राहिली. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. “बांडगूळ! अगो, आंब्याच्या बागेत पहिलं बांडगूळच बघतात. या बाईनं नेमकं तेच सोडलंन?” त्याच बांडगुळाची काडी कपटी लोकीनं बाल्डरच्या आंधळ्या भावाच्या हातात दिली, त्यानं ती खेळात फेकली आणि बाल्डर मेला. मग हेलनं अट घातली: जगातलं सगळं त्याच्यासाठी रडलं तर परत पाठवते. माणसं रडली, जनावरं रडली, दगडधोंडे रडले. थोक नावाची एक म्हातारी राक्षसीण तेवढी रडली नाही. बाल्डर तिकडेच राहिला.

ही गोष्ट झाली आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही विमानात बसलात. तुम्हाला दुसरी कुठली गोष्ट सांगून जाता आली नसती का हो?

तुमचं हृदय बंद पडल्याचा फोन आला तेव्हा यशूचा पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला होता, म्हणून आम्ही दोघी इथेच राहिलो. मिलिंद लांब दुक्मच्या प्लांटवरून तसाच धावत आला आणि एकटा पुढे गेला. बिल्डिंगमधली माणसं भेटायला आली. यशू कोपऱ्यात चित्रं काढत होती. जो तो म्हणाला, “किती समजूतदार मुलगी! डोळ्यांत टिपूस नाही.” मलाही बरं वाटलं. माझी मुलगी खंबीर आहे, अशी मान ताठ झाली माझी. मधल्या महिन्यांत शेजारी म्हणाले, तिच्या टीचर म्हणाल्या, मिलिंदचा साहेबसुद्धा फोनवर म्हणाला. आणि प्रत्येक वेळी ती थोडी आणखी गप्प होत गेली.

काल फिलूआंटी वसईकडचे ते मैद्याचे गरम फुगे तळून घेऊन वर आली. चहा घेता घेता म्हणाली, “आमची नातवंडं मांजर मेलं तरी घर डोक्यावर घेतात. यशूकडनं शिकायला पाहिजे. आजीचा एवढा जीव, पण रडली का बघ.”

यशूनं पेन्सिल फेकली. “स्टॉप सेइंग दॅट! मी रडले नाही म्हणून आजी परत आली नाही!”

आई, कितीतरी महिन्यांनी ऐकलेलं तिचं पहिलं मराठी वाक्य हे होतं.

मी तिच्या मागे खोलीत गेले. तेव्हा सगळं बाहेर आलं. सगळे रडले, बाबाची मावशी फोनवर रडली, आई रडली, फिलूआंटी रडली. एकटी यशू रडली नाही. आधी तिला खरंच वाटलं नव्हतं, तुम्ही चार दिवसांत येणार होतात. मग लोक कौतुक करू लागले आणि रडायला मिळेना. मग तिला बाल्डर आठवला, आणि तिनं ठरवून टाकलं की या घरातली थोक आपणच.

मी म्हटलं, “अगं वेडे, ती गोष्ट आहे.” तर म्हणते कशी, “आजी म्हणायची, गोष्ट खोटी असली तरी आतलं खरं शोधायचं.” घ्या! तुमचंच वाक्य तुमच्या सुनेवर उलटलं.

तेवढ्यात मिलिंदचा गुरुवारचा व्हिडिओ कॉल आला. नुकताच कामावरून आलेला, अंगावर निळा कव्हरऑल, केसांत दुक्मची धूळ. यशूनं माझ्या हातातून फोन ओढला.

“बाबा, आजी गेली तेव्हा तू रडलास?”

तो दचकला. माझ्याकडे बघायला लागला, पण फोन तिच्या हातात होता. “नाही गं,” तो म्हणाला. “अजून नाही.”

“का?”

“तिकडे माणसं होती, सगळं बघायचं होतं. मग विमान. मग इथे शटडाऊन, प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं काम. यल्ला यल्ला, चला चला करत दिवस गेले. राहूनच गेलं.”

“मग तू पण थोक आहेस.”

“थोक काय?”

आणि तुमच्या नातीनं त्याला सांगितलं. मराठीत. “एक बाई होती. सगळे रडला, दगड पण रडला, ती नाही रडली. मग बाल्डर तिकडेच राहिला. हेलकडे.”

मिलिंदनं फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाला, “मी तर तिचा मुलगा. म्हणजे माझ्यामुळे आजी परत आली नाही?”

“नो! नाही बाबा!” ती एकदम चिडली. “आजीचं हार्ट थांबलं. तुझ्यामुळे नाही!”

“मग तुझ्यामुळे?”

आधी तिचा खालचा ओठ हलला, मग सगळा चेहराच वाकडा झाला आणि ती रडली, आई. फोनमधला तुमचा मुलगाही रडला, तोंडावर टॉवेल दाबून. मी दोघांच्या मधे, कुणाला धरू कळेना. हॉलमध्ये फिलूआंटी हुंदके देत होती. शेवटी तीच डोळे पुसत आत आली आणि म्हणाली, “खलास आता. फुगे गार होतात.”

खाताना यशूनं बाबाला राहिलेलं सगळं सांगितलं. शेवटचं युद्ध होतं, लांडगा सूर्य गिळतो, ओडिन मरतो, थॉर मरतो, पृथ्वी समुद्रात बुडते. मग पाण्यातून पुन्हा हिरवी जमीन वर येते, झाडात लपलेली दोन माणसं बाहेर पडतात आणि बाल्डरही परत येतो.

“परत येतो?” मिलिंदनं विचारलं. किती आशेनं विचारलं हो! चाळिशीचा बाप्या!

यशूनं फुगा गिळला. “ते त्यांच्यात,” ती म्हणाली. “आपल्यात येत नाहीत.” अगदी तुमच्या सुरात, बारशाला काय करायचं आणि काय नाही ते सांगावं तसं.

रात्री ती तुमच्या उशीवर झोपली. मी उशी कुणालाच देणार नव्हते, पण तिला दिली. रागावू नका.

आई, आज तुम्हाला शब्द देते. या घरात न रडल्याबद्दल यापुढे कुणाचंही कौतुक होणार नाही. यशूचं नाही, माझं नाही. कुणी करायला लागलंच तर मी तिथल्या तिथे तोंड बंद करीन, मग ती फिलूआंटी असो की मिलिंदचा साहेब. तुम्हाला ठाऊक आहे, तोंड मला आहे. आणि पुढच्या गुरुवारी तुमचा मुलगा दुक्महून घरी येईल, तेव्हा त्याला दारातच “दमलास का” म्हणून विचारणार नाही. आधी बसून नीट रडू देईन. मग पान वाढीन.

तुमची भांडखोर सून,
स्नेहल