चौकड्याची गुढी

सुशांत,

पाडव्यासाठी तू तुझ्या ताईंच्या हाती पाठवलेली साडी पोचली. घर सोडून गेल्यावर पहिल्यांदाच काही पाठवलंस. आवडली का, असं मेसेजवर पुन्हा पुन्हा विचारतोयस. तिथे उत्तर देणार नाही. हे पत्रही बहुतेक टाकणार नाही.

बॉक्समध्ये बिल तसंच होतं. साडी परत करायला गेले, तर दादरचा दुकानदार म्हणाला, "पैसे परत नाही मिळणार, बदल्यात दुसरं काहीही घ्या." मी गौरांग आणि सानवीच्या युनिफॉर्मचं कापड घेतलं. घरात नवीन कापड तेवढंच, म्हणून गुढीलाही तेच नेसवलं. निळ्या चौकड्याची गुढी बघून शेजारच्या गंगुबाई म्हणाल्या, "काय गो, तुझी गुडी खंयच्या शाळेत जाता?" गौरांगने लगेच गुढीला 'गुड मॉर्निंग टीचर' केलं. सानवी आधी लाजली, मग तीही हसली.

कडुलिंब मुलांनी चाळीमागच्या झाडाचा आणला. दही टांगून श्रीखंड घरीच केलं. थोडंच झालं, पण तिघांना पुरलं.

कापड बाबांनी पाठवलंय, असं मी मुलांना सांगितलं. संध्याकाळी गुढी उतरवल्यावर गौरांगने ते नाकाशी धरलं आणि म्हणाला, "बाबांचा वास नाही येत." नवीन कापडाला दुकानाचाच वास येतो, म्हटलं.

साडी चांगली आहे. कशी दिसते ते बघायचं असेल, तर जूनमध्ये शाळेच्या गेटवर येऊन उभा राहा. दोघांच्या अंगावर दिसेल.

अपेक्षा